पूर्वेकडचे झाप

फोंडाघाटात थंडी पडते, हे आरोंद्याच्या माणसाला सांगून पटत नाही. आमच्या आरोंद्याला खाडी. तिथं थंडी म्हणजे सकाळी पायाला लादी जरा गार लागते, आई अंगणात सुक्या पानांचा जाळ करते, आणि उन्हं वर आली की सगळं विसरलं जातं. त्यामुळे बदली होऊन घाटाच्या पायथ्याच्या या बाजारगावातल्या शाळेत मी रुजू झाले, तेव्हा सामानात एक पातळ चादर होती आणि स्वेटर नव्हता. ब्लॉक बघायला गेले, तर घरमालकांनी दार उघडून पहिलं वाक्य काय बोलावं?

"बाय, हंय थंडीत थंडी वाजता. आत्ताच सांगतंय."

घरमालक असं सांगत नाहीत. आदल्या दिवशी मी दुसऱ्या दोन जागा पाहिल्या होत्या आणि दोन्हींचे मालक जागेचं असं वर्णन करत होते की त्यांनी ती सोडून स्वतः तळमजल्यावर का राहावं, असा प्रश्न पडला. या गृहस्थांनी मात्र मला खोल्या दाखवल्या त्या खोडींसकट. स्वयंपाकघरातला नळ उलटा फिरतो. पावसात गॅलरीचं दार फुगतं, त्याला खांद्यानं ढकलायचं. शेजारचा कुत्रा पहाटे भुंकतो, त्याला कारण लागत नाही. मी म्हटलं, काका, चांगलं काही आहे का जागेत? त्यांनी बराच विचार केला आणि म्हणाले, "वारो बरो येता. पण तोच वायट आसा." मी त्याच दिवशी सामान आणलं.

तर असे आमचे घरमालक. उंच, किंचित वाकलेले, बाराही महिने अर्ध्या बाहीचा सदरा. सगळा गाव त्यांना घोंगडेवाले म्हणून ओळखायचा, मी काका म्हणायचे. बाजारात त्यांचं घोंगड्यांचं दुकान होतं. घाटावरून, कोल्हापूरकडून माल उतरायचा आणि ते विकायचे. विकायचे म्हणजे काय, तर गिऱ्हाइकानं एखादी घोंगडी हातात घेतली की सांगायचे, ही टोचता. दुसरी घेतली की सांगायचे, ही पहिल्या पावसात भिजली की वास मारते. तिसरीला कसर लागलेली असेल तर ती भोकं उजेडात धरून दाखवायचे. तरी दुकान इतकी वर्षं चाललं, कारण ज्या घोंगडीबद्दल ते काही बोलायचे नाहीत ती लोक डोळे मिटून घेऊन जायचे. मी आले तेव्हा त्या जागेत मोबाईलचं दुकान झालं होतं आणि उरलेल्या घोंगड्या घराच्या माळ्यावर होत्या.

खोटं बोलणं त्यांना जमत नसे. ते तत्त्व वगैरे नव्हतं. तत्त्वाचा माणूस मिरवतो, हे उलट ओशाळायचे. एखाद्याला ताक पचत नाही तसं ते होतं. भाचीच्या लग्नाच्या बोलणीत मुलाकडच्यांनी विचारलं, मुलीला स्वयंपाक येतो का? मुलीची आई हो हो म्हणतेय तोवर हे म्हणाले, "चाय करता. कडू करता." लग्न झालं म्हणा, चहा जावई करतो. पण तेव्हापासून नातेवाईक त्यांना बोलणीला नेत नाहीत, बारशाला बोलावतात. बाळ कोणासारखं दिसतं हे विचारायचं टाळतात.

आणि या माणसाची बायको दर वर्षी थंडीला कंटाळून माहेरी जायची.

काकी मालवणकडच्या, ऐन समुद्रकाठच्या. बुटक्या, चपळ, बोलायला तिखट. माहेरची माणसं पिढ्यान् पिढ्या दर्यावर गेलेली. आता त्या घरात त्यांची थोरली बहीण तेवढी होती, विधवा, एकटी. भाचे मुंबईला. देवदिवाळी झाली की काकींना थंडी वाजायला लागायची. आधी शाल, मग शालीवर शाल, मग चुलीपाशी बसून हात चोळणं. मग एके दिवशी त्या जाहीर करायच्या की घाटावरून उतरणारा हा वारा आपल्या हाडांना सोसत नाही, समुद्राकडे थंडी नसते, आपण जातो. की गेल्या. येणार त्या शिमग्याच्या तोंडावर. बाजारात लोक काकांना चिडवायचे, घोंगडेवाल्याची बायल थंडीक भियान पळाली. काका मान हलवून म्हणायचे, पळाली खरी.

त्यांनी बरोबर का जाऊ नये? गेले होते एकदा. समुद्राच्या गाजेनं त्यांना झोप लागेना. रात्रभर कोणीतरी धान्य पाखडतंय असं वाटतं म्हणाले, आणि लाल डोळ्यांनी परत आले.

काकी नसल्या की काकांचं काय व्हायचं, ते मी पहिल्याच वर्षी पाहिलं. त्यांना पेपर मोठ्यानं वाचायची सवय. रोज सकाळी ते पडवीत बसून बातम्या वाचायचे आणि आतून काकी प्रत्येक बातमीला "कायतरीच" म्हणायच्या. पूल होणार, कायतरीच. आंबा लवकर येणार, कायतरीच. त्या गेल्या की काका पेपर घेऊन जिन्याच्या मधल्या पायरीवर येऊन बसायचे आणि वरच्या मजल्याला उद्देशून वाचायचे. मी वह्या तपासता तपासता हं हं करायचे. पण मी "कायतरीच" म्हणत नसे, त्यामुळे त्यांना त्यात मजा येत नसे. दोन बातम्या झाल्या की घडी घालून उठायचे. तसा माणूस तक्रार करणारा नव्हता. एकदाच, चहा पिताना, कोणाकडे न बघता म्हणाले, "एक थंडी तिणा हंय काढूक व्हयी. बस, एक."

आयुष्यात दुसरं काही मागणं नसलेल्या माणसाचं हे मागणं होतं, आणि त्यापायी माझ्या ब्लॉकचं काय झालं ते आता सांगते.

वरचा ब्लॉक आणि खालचं घर एकाच मापाचं. तशाच चिऱ्याच्या भिंती, त्याच जागी खिडक्या, तसाच वरून स्लॅब. काकी आपल्या घरात कसला प्रयोग करू देत नसत. तेव्हा काकांनी ठरवलं होतं की आधी वर थंडी आडवायची, जमलं की तेच खाली करायचं. म्हणजे मी भाडेकरू नव्हते, मी नमुना होते. माझ्या आधीच्या भाडेकरूलाही त्यांनी असंच वापरलं असणार. तो का गेला, हे मी विचारलं नाही, कारण त्यांनी खरं सांगितलं असतं.

पहिल्या दिवाळीनंतर एका रविवारी सकाळी ते पेटती उदबत्ती घेऊन दारात उभे. मला वाटलं कुठल्याशा देवाचा वार असेल. ते आत आले आणि माझ्या खिडक्यांना ओवाळायला लागले. खिडकीच्या कडेनं उदबत्ती हळूहळू फिरवायची, धूर सरळ वर गेला तर पुढं सरकायचं, धूर आत वाकला की थांबून तिथं खडूनं खूण करायची. समोरच्या घरातल्या आजी गॅलरीतून हात जोडून उभ्या राहिल्या. सगळा ब्लॉक फिरून झाल्यावर माझ्या भिंतींवर इतक्या खुणा होत्या की शाळेच्या फळ्यावर नसतात. "थंडी भायरसून येणा नाय बाय," काका म्हणाले, "फटीसून येता." हे त्यांचं आवडतं वाक्य. पुढच्या काही वर्षांत मी ते इतक्या वेळा ऐकलं की वर्गात गलका झाला की माझ्या तोंडून तेच यायला लागलं.

फटी सापडल्या, आता बुजवायच्या कशा? इथं काकांनी जी चूक केली ती फक्त समुद्रकाठची सासुरवाड असलेला माणूसच करू शकतो. होडीच्या फळ्यांमधल्या फटी बुजवतात तसं करायचं त्यांनी ठरवलं. सासुरवाडीला त्यांनी ते काम पाहिलं होतं. सुताचा पीळ करायचा, माशाच्या तेलात भिजवायचा आणि बोथट पटाशीनं फटीत ठोकून बसवायचा. पाण्याचा थेंब आत येत नाही, तिथं वाऱ्याची काय कथा. त्यांनी मालवणहून तेलाचा डबा मागवला आणि मी शाळेत असताना सगळ्या खिडक्या ठोकून टाकल्या.

वारा थांबला, हे कबूल करायला हवं. पण संध्याकाळी मी दार उघडलं तेव्हा आतून जो वास आला, त्यानं मी दोन पायऱ्या मागे आले. मी खाडीकाठची, मासळीचं मला वावडं नाही. पण मासळी खाणं वेगळं आणि मासळीच्या पोटात राहणं वेगळं. रात्री गावातली मांजरं जमली. गॅलरीत, सज्जावर, जिन्यात. काचेतून आत बघत बसून राहिली, ओरडलीसुद्धा नाहीत. शाळेत माझ्या शेजारच्या बाई खुर्ची सरकवून बसायला लागल्या आणि पाचवीतल्या एका मुलीनं मला सरळ विचारलं, बाई, आज बांगडे होते का?

काकी तो वास काढत वर आल्या. मला वाटलं, आता काकांची धडगत नाही. पण त्या खिडकीपाशी जाऊन उभ्या राहिल्या. नाक त्या फटीजवळ नेलं आणि डोळे मिटले. मग म्हणाल्या की त्यांच्या अंगणात वडलांची होडी उलटी घालून तिला असं तेल द्यायचे, त्या आणि बहीण सूत पिळायला बसायच्या, हातांचा वास आठवडाभर जायचा नाही. आणि त्या वर्षी देवदिवाळीचीही वाट न बघता त्या माहेरी गेल्या. जिला ठेवायचं म्हणून तेल आणलं तीच त्या तेलानं लवकर गेली. मला इतकं हसू आलं की मी वासाचा रागच विसरले. काका मात्र फटींतलं सूत परत उपसून काढून पायरीवर पटाशी मांडीवर घेऊन बसले होते, आणि त्यांच्याकडे बघितल्यावर माझं हसू गेलं.

दुसऱ्या वर्षी भाताचा पेंढा. पोटमाळ्यावर जाड थर, गादीखाली थर. ऊब छान आली. ऊब आली म्हणून उंदीर आले, आणि उंदीर आले म्हणून त्यांच्या मागं एक लांबलचक धामण आली. ती सकाळी माझ्या कणगीसारख्या गुंडाळलेल्या गादीवर ऊन खात पडली होती. मी ओरडले नाही, आरोंद्याच्या माणसाला धामण नवी नसते, पण मी खाली जाऊन काकांना शांतपणे सांगितलं की तुमच्याकडे अजून एक भाडेकरू आला आहे. त्यांनी धामणीला काठीनं हळूच वाट दाखवली, पेंढा उतरवला आणि तिला उद्देशून म्हणाले, तुझा काय चुकला, ऊब माणसाक व्हयी तशी तुकाव व्हयी.

मी त्यांच्यावर चिडत नसे असं नाही. थंडीनं माझा स्वभाव आधीच बिघडतो. त्यात सकाळी दात घासत असताना जिन्यातून रोजचा प्रश्न यायचा, "बाय, थंडी वाजली?" वाजली म्हटलं की त्यांचा चेहरा उतरायचा, नाही म्हणायची सोय नव्हती. त्यांच्याशी खोटं बोलताना आपल्यालाच चोरट्यासारखं वाटायचं. एकदा मी फणकाऱ्यानं म्हटलं, काका, हीटर आणा ना सरळ. ते म्हणाले, हीटरनं हवा गरम होते, बंद केला की परत थंड. त्यांना घर गरम करायचं नव्हतं, घरानं गरम राहायला हवं होतं. मी आईला सांगून आरोंद्याहून दोन जाड वाकळा मागवल्या.

तिसऱ्या वर्षी मात्र त्यांना सापडलं, आणि इतकं साधं की आधी सुचलं कसं नाही.

आमच्याकडे पावसाळ्याआधी घराच्या पश्चिमेला झाप बांधतात. माडाची चुडतं, म्हणजे झावळ्या, विणून केलेले हे पडदे समुद्राकडून येणारी झड अडवतात. दसऱ्याला ते काढतात आणि बंबात जाळतात. त्या दसऱ्याला काका शिडीवर चढून झाप सोडत होते, मी खालून धरत होते. अर्धा झाप सोडून ते तसेच थांबले. पाऊस पश्चिमेकडून येतो, म्हणून झाप पश्चिमेला. थंडीचा वारा घाटावरून, पूर्वेकडून उतरतो. मग झाप जाळायचे कशाला? फिरवायचे. पिढ्यान् पिढ्या ही माणसं झाप बांधतायत आणि सोडतायत, कोणाला दुसऱ्या बाजूला बांधावेसे वाटले नाहीत, कारण कोकणात थंडी असते हेच कोणी धरत नाही.

दिवाळी झाल्यावर त्यांनी माझ्या पूर्वेच्या दोन्ही खिडक्यांवर आणि गॅलरीवर दुहेरी झाप बांधले. आतून दारांना माळ्यावरच्या घोंगड्या लावल्या, त्यातली टोचणारी कोणती तेही सांगितलं. पश्चिमेच्या खिडक्या दुपारी उघड्या ठेवायच्या, चिऱ्याची भिंत उन्हानं तापू द्यायची आणि दिवे लागायच्या आत बंद करायच्या. नव्या रंगाची दुमजली इमारत समोरून गुरांच्या गोठ्यासारखी दिसायला लागली. समोरच्या आजींनी या वेळी हात जोडले नाहीत. पण त्या वर्षी थंडी लवकर आली, आणि ती माझ्या खोलीत आली नाही. उदबत्तीचा धूर सगळीकडे सरळ वर गेला. सकाळी जिन्यातून प्रश्न आला आणि मी खरं खरं ओरडून सांगितलं, नाही वाजली.

काका खाली गेले. थोड्या वेळानं पेपर वाचायचा आवाज आला, नेहमीपेक्षा मोठा.

देवदिवाळीच्या दुसऱ्या दिवशी त्यांनी काकींना वर पाठवलं. बघून ये, आवडलं तर उद्या खाली बांधतो, असं सांगून. काकी दोन शाली घेऊन आल्या. माझ्या खाटेवर बसल्या. मी चहा ठेवला. चहा होईपर्यंत त्यांनी एक शाल काढली. मग दुसरी काढली. हातावर हात ठेवून भिंतींकडे बघत राहिल्या, आणि मला वाटलं होतं त्या हसतील, पण त्यांचा चेहरा हळूहळू लहान होत गेला.

"खराच थंडी नाय गो हंय," त्या म्हणाल्या. "ह्येनी केल्यानी शेवटी."

मी म्हटलं, मग चांगलंच की काकी. त्या मान खाली घालून शालीच्या गोंड्यांशी खेळत बसल्या. मग त्यांनी जे सांगितलं ते सलग नव्हतं. थोरली बहीण त्या घरात वर्षभर एकटी असते. ती दर्या सोडून कुठं येणार नाही, इथं तर नाहीच. वर्षभर या तीन महिन्यांची वाट बघते. या महिन्यांत दोघी मिळून अंगणात मासळी सुकवतात, जुन्या भांडणांवरून नव्यानं भांडतात, एका वाकळीत झोपतात. आणि काकींनाही तेच हवं असतं, लग्नाला चाळीस वर्षं झाली तरी. पण हे कोणत्या तोंडानं सांगायचं? नवरा वाईट असता तर सांगता आलं असतं. नातेवाईक विचारतात, घोव एकटो टाकून कित्याक येतंस? तेव्हा थंडी पुढं करता येते. थंडीवर कोणाचं काही चालत नाही.

"आता मी काय सांगान जातलंय?" त्या म्हणाल्या.

खरं सांगायचं तर मला रागच आला, काकांचा नाही, काकींचाही नाही. आपल्याकडे बाईला बहिणीकडे जायला आवडतं म्हणून जाता येत नाही, तिला आधी आजारी तरी पडावं लागतं नाहीतर गारठावं तरी लागतं, याचा राग. चहा निवून गेला.

काकी उठल्या आणि दारावरची घोंगडी बाजूला केली, तर जिन्याच्या मधल्या पायरीवर काका बसलेले. मांडीवर पेपर, उघडलेला नव्हता. दार उघडंच होतं, घोंगडीनं वारा अडतो, आवाज अडत नाही. ते काकींकडे बघून म्हणाले, "कसा वाटता?" काकी खोटं बोलू शकल्या असत्या, त्यांना जमायचं. पण त्या म्हणाल्या, "बरा आसा. ऊब आसा." काकांनी मान डोलावली आणि त्यांना उतरायला वाट दिली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी शाळेतून आले तर काका शिडीवर होते. खाली बांधत नव्हते, वरचे सोडत होते. पूर्वेच्या दोन्ही खिडक्या उघड्या पडल्या होत्या, दारांच्या घोंगड्या घडी घालून पायरीवर ठेवलेल्या. मी विचारलं, काका, हे काय? वाळवी लागली, पात सुटली, दुसऱ्या कोणीही असं काहीतरी सांगितलं असतं. ते म्हणाले, "काढतंय." आणि झाप माझ्या हातात दिला.

ती रात्र मी आईच्या दोन्ही वाकळा घेऊन काढली आणि तरी माझे दात वाजले. घाटावरचा वारा त्या खिडक्यांतून असा आला की जणू त्याला आत यायचं बरेच दिवस राहिलं होतं. सकाळी मी शाळेला निघाले तेव्हा काका आणि काकी दोघंही पडवीत होते. काकी तांदूळ निवडत होत्या. काकांनी पेपर खाली ठेवला आणि रोजचा प्रश्न विचारला. या वेळी जिन्यातून नाही, काकींच्या समोर.

"बाय, थंडी वाजली?"

माझं नाक लाल, डोळ्यांतून पाणी. "वाजली काका," मी म्हटलं. "खूप वाजली."

"बघ," काका काकींना म्हणाले. "थंडी आसा."

काकींचे तांदळातले हात थांबले. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग वर, माझ्या उघड्या खिडक्यांकडे बघितलं, मग पायरीवरच्या घोंगड्यांकडे आणि शेवटी काकांकडे. काका पेपरात बघत होते. काकींनी परत निवडायला सुरुवात केली आणि त्या म्हणाल्या, मग मी उद्या निघतंय. त्यांचा आवाज नेहमीसारखा तिखट आला नाही.

मालवणच्या गाडीत काकांनी त्यांची पिशवी चढवून दिली. जाण्याआधी काकींनी आपली स्वतःची जुनी वाकळ, आईच्या लुगड्यांची, काकांच्या खाटेवर पसरून ठेवली होती. इतकी वर्षं त्या ती बरोबर नेत असत. गाडी गेली, आणि संध्याकाळ व्हायच्या आत काकांनी माझ्या पूर्वेच्या खिडक्यांवर झाप परत बांधले. मी शिडी धरून उभी होते.

पुढं मी तिथं होते तोवर दर वर्षी असंच झालं. दिवाळी झाली की झाप चढायचे, देवदिवाळीनंतर एका रात्रीपुरते उतरायचे, सकाळी पडवीत मला प्रश्न विचारला जायचा आणि मी खरं उत्तर द्यायचे. त्या एका रात्रीचा गारठा मी भाड्यात धरला होता. एरवी माझ्या खोल्या ऊबदार असत. शाळेतल्या बाई थंडीत माझ्याकडे वह्या तपासायला यायच्या, आता खुर्ची सरकवत नसत.

एक गोष्ट मात्र मला समजत नव्हती. ती झापांच्या पहिल्याच वर्षी, पौषात, मी विचारली. खाली काकांच्या घराला त्यांनी झाप बांधलेच नव्हते. पूर्वेच्या खिडक्या तशाच उघड्या. ते पडवीत काकींची वाकळ अंगावर ओढून बसले होते, वर माकडटोपी, टोपीतून फक्त नाक बाहेर. मी म्हटलं, काका, काकी तर गेल्या, आता कोणासाठी गारठताय? वर बांधता तसं खाली बांधा की. झाप उरलेत, मी शिडी धरते.

काका ओशाळले. खोटं बोलता न येणारा माणूस पकडला गेल्यावर जसा ओशाळतो तसे.

"ती रोज फोनार इचारता," ते म्हणाले, "थंडी आसा काय म्हणान. माका खोटा बोलूक जमणा नाय गो."

तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. त्यांनी टोपी वर सरकवून तो कानाला लावला. पलीकडून गाजेचा आवाज येत होता, आणि त्यात दोन बायकांच्या हसण्याचा.

"आसा," काका म्हणाले. "वायच जास्तच आसा. तू येव नको इतक्यात."